तुपाचा डबा राहू दे, आधी पत्ता पक्का कर

प्रश्न : मी साताऱ्याची. पुण्यातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि जर्मनीत मागडेबुर्गच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. सत्र ऑक्टोबरपासून सुरू. एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं) आलं आहे, व्हिसाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. घरातलं कुणीच आजवर परदेशी गेलेलं नाही. बाबांनी ब्लॉक्ड अकाउंटसाठी (व्हिसाकरता आधी पैसे भरायचं आणि तिकडे महिन्याच्या हप्त्याने सुटणारं खातं) ११,९०४ युरो पाठवले, पण तिकडे ११,८८१ च पोचले आणि खातं अपूर्ण दाखवतंय. वसतिगृहाकडून उत्तर नाही. कॉलेजचा एक सीनियर त्याच्या फ्लॅटमध्ये जागा देतो म्हणतोय, फक्त त्या पत्त्यावर माझी नोंदणी होणार नाही असं त्याने सांगितलं. आईने सामानाची चार पानी यादी केली आहे, त्यात दोन किलो तूप आहे. आधी काय करू? आणि पार्टटाइम काम करून महिन्याचा खर्च निघेल ना?

उत्तर :

आईची यादी तूर्तास बाजूला ठेव, तिच्याकडे शेवटी येऊ. तुझ्या पत्रातली सगळ्यात वजनदार गोष्ट तू जाता जाता लिहिली आहेस : सीनियरच्या फ्लॅटवर नोंदणी होणार नाही. तिथे उतरल्यावरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या नोंदणीवर येऊन थांबते. पण व्हिसाची तारीख जवळ आली आहे, म्हणून पहिल्यांदा अडकलेले २३ युरो सोडवू.

हे पैसे कुणी खाल्ले नाहीत, वाटेत कापले गेले. इथल्या शाखेतून निघालेले युरो थेट जर्मन बँकेत उतरतात असं नाही. मध्ये एखाद-दोन बँका असतात आणि त्या आपलं शुल्क मूळ रकमेतूनच काढून घेतात. पैसे पाठवायच्या अर्जावर हे शुल्क कुणी सोसायचं याचा रकाना असतो. त्यात ओयूआर (सगळं शुल्क पाठवणाऱ्याचं), एसएचए (दोघांत वाटून) आणि बीईएन (सगळं घेणाऱ्याचं) असे तीन पर्याय. काही सांगितलं नाही तर सहसा एसएचएवर खूण होते आणि रक्कम तुटून पोचते. बाबांना सांग, आता ५० युरो वेगळे पाठवा, ओयूआरवर खूण करा, आणि संदर्भाच्या रकान्यात पहिल्या वेळचाच क्रमांक जसाच्या तसा लिहा. मोजून २३ पाठवलेत तर पुन्हा कात्री लागून पाच-सात युरो कमीच पडतील. जास्तीचे पैसे तुझ्याच खात्यात राहतात. रक्कम पूर्ण झाली की खातं चालवणारी कंपनी ‘पैसे अडवून ठेवले’ असं पत्र देते. व्हिसासाठी लागतं ते हेच पत्र. बाबांच्या बँकेची पावती चालत नाही.

ही रक्कम रुपयांत १० लाखांच्या वर जाते. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांपर्यंत टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) नाही, त्यापुढच्या भागावर कापला जातो. पैसे बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेले असतील तर अजिबात नाही. कापला गेला असेल तर तो बुडाला असं समजू नका. बाबांच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या जमा कराच्या तक्त्यात, दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. फक्त पैसे पाठवण्याचं कारण ‘परदेशी शिक्षण’ असंच लिहिलं आहे ना, हे पाहा. ‘नातेवाइकाचा चरितार्थ’ लिहिलं तर दर बराच चढा लागतो.

व्हिसाच्या फायलीबद्दल दोनच मुद्दे. पहिला नावाचा. आपल्या बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळं छापलेलं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना स्वतंत्र आणि दुसऱ्या रकान्यात तुझं नि वडिलांचं नाव मिळून. क्रमातला हा फरक त्यांच्या सवयीचा आहे, तुझं एपीएस त्यातूनच पार पडलं. घोळ होतो तो तू स्वतः चार अर्जांवर चार प्रकारे नाव लिहितेस तेव्हा. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात. त्यातल्या वरच्या ओळीत नाव जसं आहे तसंच ब्लॉक्ड अकाउंट, विमा, विद्यापीठाचं पोर्टल आणि विमानाचं तिकीट यांवर हवं. वडिलांचं नाव एके ठिकाणी टाकायचं आणि दुसरीकडे गाळायचं, असं नको.

दुसरा मुद्दा : फाइल पहिल्याच फटक्यात पूर्ण हवी. नकार आल्यावर वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता एकतर नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात जायचं, आणि दोन्हींत सत्र हातचं जातं. कुणी गुणपत्रिकांवर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नकोस. भारत आणि जर्मनी यांच्यात अपोस्टिल लागू नाही; तुझ्या कागदांची पडताळणी एपीएसने केली आहे.

आता मूळ मुद्दा. जर्मनीत राहायला घर घेतलं की दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्याला अनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. उच्चार नाही जमला तरी चालेल, पण फोनमध्ये लिहून ठेव, कारण खोली पाहताना पहिला प्रश्न याचाच विचारायचा आहे. हा कागद असेल तर नोंदणीचा दाखला मिळतो. पुष्कळ ठिकाणी ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता सुटायला हा दाखला आणि जर्मन चालू खात्याचा क्रमांक मागतात. चालू खातं उघडतानाही पुष्कळ बँका पत्ता पाहतात. नोंदणीनंतर काही आठवड्यांनी टपालाने कर-क्रमांक येतो, आणि पगारी काम सुरू करताना मालक तो मागतो. व्हिसाची मुदत संपण्याआधी निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो, तिथेही हाच दाखला. आता सीनियरच्या फ्लॅटचं बघ. बहुधा त्याने मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवायचं ठरवलं आहे, म्हणून कागद मिळत नाही. तिथे सहा महिने राहिलीस तर तुझे स्वतःचे १२ हजार युरो तुझ्या नावावर पडून असतील आणि तुला बाबांकडून भाडं मागवावं लागेल. उतरल्यावर आठ-दहा दिवस पाहुणी म्हणून राहायला हरकत नाही. त्याला तसं स्पष्ट सांग, आणि अनामत देऊ नकोस.

कायमच्या खोलीसाठी मागडेबुर्गच्या श्टुडेंटनवेर्कच्या (विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणारी संस्था) वसतिगृहाचा अर्ज जिवंत ठेव. फक्त एकाच इमारतीवर खूण केली असशील तर बदल. सगळ्या इमारती आणि सामायिक स्वयंपाकघराच्या खोल्याही चालतील असं कळव. दोन आठवड्यांतून एकदा छोटा ईमेल टाक, त्यात अर्जाचा क्रमांक आणि व्हिसाची तारीख. सप्टेंबरात नावं गळतात, कारण काहींचा व्हिसा होत नाही, आणि तेव्हा ज्याची माहिती अद्ययावत असते त्याला फोन जातो. सोबतीने खाजगी खोल्या पाहत राहा. पूर्व जर्मनीतली ही शहरं म्युनिकसारखी महाग नाहीत. वसतिगृहात तीनशे युरोच्या आसपास भाडं धरून चाल. जाहिरातीत ‘काल्ट’ भाडं म्हणजे नुसत्या जागेचं आणि ‘वार्म’ म्हणजे हीटिंग-पाण्यासकट. तुलना नेहमी वार्मची कर, आणि वीज-इंटरनेट त्यात आहे का ते वेगळं विचार.

फसवणुकीचा एकच नमुना वर्षानुवर्षं चालू आहे. सुंदर फ्लॅट, भाडं निम्मं, मालक ‘सध्या लंडनला’, अनामत पाठवली की किल्ली कुरिअरने येईल. सोबत ओळखपत्राचा फोटोही पाठवतात, तोही कुणाचा तरी चोरलेलाच असतो. व्हिडिओ कॉलवर खोली, खिडकीबाहेरचा रस्ता आणि पत्रपेटी दाखवायला सांग. टाळाटाळ झाली की बोलणं थांबव. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. वसतिगृहाची अनामत सहसा याहून कमीच असते.

इथेच बहुतेकांचं पैशाचं गणित चुकतं. ‘१२ हजार युरो भरलेत, म्हणजे तिकडे पैसे आहेत’ असं घरचे समजतात. ते पैसे महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे सुटतात आणि पहिला हप्तासुद्धा नोंदणी, चालू खातं वगैरे झाल्यावर. अनामत, पहिलं भाडं, विद्यापीठाची सत्र-वर्गणी, विमा, गादी-उशी-भांडी हे सगळं मात्र पहिल्या तीन आठवड्यांत अंगावर येतं. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटच्या वर १,५०० ते २,००० युरो सहज वापरता येतील असे वेगळे ने. त्यातले ३०० ते ४०० रोख, १० आणि २० च्या नोटांत, बाकीचे फॉरेक्स कार्डवर. ५० च्या वरच्या नोटा छोटी दुकानं नाखुशीने घेतात. आणि बाबांचं डेबिट कार्ड ‘असू दे’ म्हणून घेऊन जाऊ नकोस. त्याचा ओटीपी साताऱ्यात येणार.

विम्याबाबत एक चूक अशी आहे की ती नंतर दुरुस्त होत नाही. तीस वर्षांच्या आतल्या, पदवीच्या अभ्यासक्रमाला आलेल्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा मिळतो. महिना साधारण दीडशे युरो. तेवढ्यात कुणीतरी तीस-चाळीस युरोची खाजगी पॉलिसी दाखवतं आणि वर्षाचे हजारभर युरो वाचतात असं वाटतं. ती घेण्यासाठी सरकारी विम्यातून सूट मागावी लागते, आणि एकदा ती घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही. स्वस्त पॉलिसीत आधीचे आजार, मानसोपचार, दात यांवर मर्यादा असतात, त्या दुखणं आल्यावर समजतात. तू सरकारी विम्याच्या कोणत्याही एका कंपनीकडे आत्ताच ऑनलाइन अर्ज कर. ती विद्यापीठाला परस्पर कळवते आणि त्याशिवाय प्रवेश-नोंदणी पूर्ण होत नाही. सत्र सुरू होण्यापूर्वीच्या दिवसांसाठी तेवढ्यापुरता प्रवास विमा घे. व्हिसाच्या वेळी तोही पाहतात. जाण्यापूर्वी दातांची कामं उरकून घे आणि चष्मा असेल तर दोन करून ने. प्रौढांच्या साध्या चष्म्याचे पैसे सरकारी विमा देत नाही.

पार्टटाइमचं उत्तर : पहिल्या सत्रात त्यावर अवलंबून राहू नकोस. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, आणि विद्यापीठातली विद्यार्थी-साहाय्यकाची नोकरी त्या मोजणीत धरत नाहीत. किमान वेतन २०२६ मध्ये ताशी १३.९० युरो आहे, म्हणजे हिशेब कागदावर गोड दिसतो. पण मागडेबुर्गसारख्या शहरात कॅफेत किंवा दुकानात गिऱ्हाइकाशी जर्मनच बोलावं लागतं. उरतं ते गोदामातलं काम, बरंचसं रात्रीचं. त्यात परीक्षा गेली तर काय होतं ते ऐक. तिथे अंतर्गत गुण, टर्मवर्क, हजेरीचे टक्के यातलं बहुतेक काही नसतं. फेब्रुवारीतल्या एका परीक्षेवर सगळा विषय. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. प्रत्येक परीक्षेसाठी पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते. तारीख चुकली तर वर्गात बसूनही परीक्षेला बसता येत नाही. सक्तीच्या विषयात सहसा तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी होतं, आणि नाव कमी झालं की निवास परवान्याचा आधारच जातो. आपल्याकडच्या एटीकेटीची सवय घेऊन गेलेल्या मुलांना हे दुसऱ्या सत्रात उमगतं. तुझ्या अभ्यासक्रमाचे परीक्षा-नियम विद्यापीठाच्या साइटवर असतात. जर्मनमध्ये असले तरी भाषांतर करून विमानात बसण्याआधी वाच. आणि उरलेल्या आठवड्यांत ए-१ पुरतं, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं, जर्मन उरकून घे.

इकडचे दोर बांधायचे राहू नयेत. तुझ्या भारतीय सिमवर बँकेचे, आधारचे आणि कर्जाचे ओटीपी येतात. नव्वद दिवस वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. रोमिंग आधीच चालू करून घे, छोटा रिचार्ज बाबांकडे सोपव आणि महिन्याकाठी त्या सिमवरून एखादा एसएमएस कर. फोन बदलायचा असेल तर इथेच बदल. बँकेचं ॲप सिम आणि फोन दोन्ही तपासून सुरू होतं, ते परदेशातून पुन्हा बसवताना नाकी नऊ येतात. कर्ज असेल तर पुढच्या हप्त्यांच्या वेळी तुझ्या सह्या लागतील. बँकेला विचारून बाबांच्या नावे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच करून ठेव. ट्रान्स्क्रिप्टचे दोन-तीन बंद लिफाफे विद्यापीठातून जास्तीचे घेऊन ठेव, नंतर कुणाला तरी रांगेत उभं करावं लागतं. तुझं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करून घ्यावं लागेल, ते शाखेत जाऊन सांग.

आता आईची यादी. तूप नको. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांपासून बनलेले पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर हे सगळं त्यात आलं. सापडलं तर कचऱ्यात जातं, वर दंड होऊ शकतो. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत, वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय ते चालत नाहीत. तुपातले लाडू हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. त्यापेक्षा शेंगदाणा-गुळाचे ने. आईला सांग की तिथे दुकानात बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमच्या पुड्यात मिळतं. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं कढवलं की २०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं, आणि बेरी खाली बसली की समजावं झालं. गोडा मसाला, मेतकूट, दाण्याची चटणी, आमसुलं, पापड, लोणच्याची पक्की सीलबंद पाकिटं खुशाल घे. डाळ-तांदळाने बॅग भरू नका. मसूर डाळ आणि हरभरे तिथे तुर्की दुकानात स्वस्त असतात, तूरडाळ आशियाई दुकानात मिळते. खोबऱ्याच्या वाट्या टाळा. तेलामुळे पेट घेणारी वस्तू म्हणून विमानतळावर अडवतात.

कुकर न्यायचाच, पण ॲल्युमिनियमचा नव्हे. वसतिगृहात इंडक्शन असलं तर तो तापणारच नाही. दोन-तीन लिटरचा, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा घ्या, सोबत दोन जादा गास्केट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, फक्त पिना वेगळ्या. एक अडॅप्टर आणि आपली एक एक्स्टेन्शन पट्टी नेलीस तर सगळे चार्जर त्यावर चालतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. औषधं तीन महिन्यांपुरती, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घेऊन. जाड जाकीट तिथेच घे. इथल्या थंडीचं जाकीट मागडेबुर्गच्या जानेवारीत पुरत नाही आणि बॅगेत चार किलो खातं. थर्मलचे दोन जोड आणि पाणी न शिरणारे बूट एवढं पुरे. मूळ गुणपत्रिका, एपीएस आणि प्रवेशपत्र कधीही चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस.

तिकीट काढताना सोमवार-मंगळवारी सकाळी उतरशील असं बघ. रविवारी तिथे दुकानं बंद असतात आणि ३ ऑक्टोबर राष्ट्रीय सुट्टी आहे. शुक्रवारी रात्री पोचलीस तर किल्ली द्यायला कुणी नसतं. व्हिसा लांबला तर गप्प बसू नकोस. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला उशिरा नोंदणीची शेवटची तारीख विचारून ठेव. उत्तर ईमेलवर लेखी घे.

नोंदणीच्या कार्यालयाची वेळ ऑनलाइन मिळते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्या शहराचे नवे विद्यार्थी एकाच वेळी तिथे येतात. त्यामुळे खोली पक्की झाली की त्याच दिवशी, साताऱ्यातूनच, वेळ घेऊन टाक. खोलीत पाऊल टाकलं की आधी पत्रपेटीवर आणि दाराच्या घंटीवर तुझं आडनाव चिकटव. तिथे फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन नाव पाहून पत्र टाकतो. नाव दिसलं नाही तर विम्याचं कार्ड, बँकेचा पिन आणि कर-क्रमांक ही तिन्ही पाकिटं परत जातात. एक मार्कर आणि चिकटपट्टी हातातल्या बॅगेत असू दे.